वैल

नदीच्या अलीकडे ओतशाळा, पलीकडे गिअरांचा कारखाना.
मधे साठ पावलांचा पूल
आणि तीस वर्षांचा अबोला.
फर्मिनच्या बापानं म्हणे कधीकाळी
पलीकडचा फोरमन पगार वाढवून फोडला होता.
बास्क माणसं. डोंगरांसारखी विसरत नाहीत,
फक्त पावसात थोडी हिरवी होतात.

भट्टी रात्री पेटते, वीज स्वस्त असते तेव्हा.
लोखंड साच्यांत उतरतं
आणि उरलेली धग धुराड्यातून
झोपलेल्या दरीवर उधळली जाते.
पलीकडे सकाळी सहाला
एदुर्ने गॅसचा बॉयलर लावते.
तेलकट गिअर धुवायला पाणी हवं सत्तर अंश.
साठ पावलांवर रात्रभर जळलेलं,
आणि इथं पुन्हा नवी काडी.

आमच्याकडे चुलीला वैल असतो.
जाळ त्याच्या वाट्याला येत नाही,
चुलीच्या पोटातून सरकलेली धग तेवढी.
त्यावर कालवण गरम राहतं.
वैलानं कधी सरपण मागितल्याचं ऐकिवात नाही.
हे मी तिथं कुणाला सांगितलं नाही.
मी मीटर वाचणारी बाई, आकडे लिहून निघते.

पहिल्या वर्षी पाइप टाकला. वकील चार, सह्या अकरा.
धग आली, पण रात्री,
पलीकडे कुलूप असताना.
सकाळी नुसती कोमट.
फेब्रुवारीत एका पोरानं पाइपाला हात लावला
आणि म्हणाला, मेलाय हा.

त्या गावात वर्गणीचं एक स्वयंपाकघर आहे.
किल्ली सगळ्यांकडे.
जे खाल्लं-प्यायलं ते वहीत लिहायचं, पैसे डब्यात टाकायचे,
मोजायला कुणी बसत नाही.
तिथं गोत्सोन, सात माणसांचा व्हॉल्व्हवाला,
मिठाच्या लिंपणात मासा भाजत होता.
मासा खाऊन झाला. भांडणही झालं.
मिठाचं फुटकं कवच तसंच ताटात.
एदुर्ने ते उचलायला गेली
आणि हात मागे घेतला.
तास उलटून गेलेला. अजून चटका.

तिनं फर्मिनकडे पाहिलं:
तुमची साच्यांची जुनी वाळू कुठं टाकता?
ट्रकनं, पंचेचाळीस किलोमीटर, तो म्हणाला,
वर टनाला एकतीस युरो देऊन.

पहिलं चित्र टेबलावरच्या कागदावर निघालं.
मधे ऑलिव्ह तेलाचा डाग होता,
त्यालाच त्यांनी रांजण धरलं.

मग वकिलांनी विचारलं, हे नेमकं कुणाचं?
डोकं एदुर्नेचं, वाळू फर्मिनची,
सहाशे अंशांना न चिकटणारा व्हॉल्व्ह गोत्सोनचा
(अकरावा; आधीचे दहा चिकटले).
मासा समुद्राचा.
शेवटी स्वयंपाकघराच्या वहीतच, दोन बाटल्या वाइनच्या खाली,
कुणीतरी लिहिलं: वाळूचा रांजण, समाईक.
वकिलांना ते पुरलं नाही. त्यांनी आणखी चाळीस पानं लिहिली.

तिसऱ्या वर्षी ओतशाळेच्या ऑर्डरी आटल्या.
आठवड्यातून तीनच रात्री भट्टी,
रांजण निवत चालला.
चूल विझली की वैलाला कोण पुसतं?
एदुर्नेनं मालकांपुढे कागद ठेवला:
बाहेरचं कास्टिंग नऊ टक्क्यांनी स्वस्त.
आणि खाली, पेन्सिलीनं:
पण त्यानं पाणी तापत नाही.
मालक बराच वेळ पेन्सिलीचंच वाचत राहिले.
निम्मी ऑर्डर पूल ओलांडून गेली.
निम्मी नाही गेली.

मी अजून पहाटे येते. आकडे खोटे लिहीत नाही:
गॅस निम्म्याहून कमी, शून्य नव्हे.
नदी अजून थोडी तांबूस.
रांजणाचा पत्रा एका बाजूला ऊन लागतो.
गळती आहे ती, एदुर्ने म्हणते, पुढच्या वर्षी झाकू.
तोवर तिथं लोहचुंबकांनी ओले हातमोजे लावलेले,
अलीकडचे निळे, पलीकडचे पिवळे,
आणि सहाच्या भोंग्याला घाईत
हाताला लागेल तो जोड
जो तो उचलून नेतो.