अठरावं अक्षर

आश्लेषानं मोबाईल पुढं धरला.
यंत्रानं तिची मंगलाष्टकं रचली होती,
पाच कडवी, चहा गाळून होईस्तोवर.
मी पेन्सिल घेऊन दोष काढायला बसलो.
म स ज स त त ग, जिथल्या तिथं.
यती जागेवर. गणपती, दोन्ही कुळं, कृष्णाकाठ,
एकही मात्रा लंगडत नव्हती.

चाळीस वर्षं तासगावात टपाल वाटलं,
उरल्या वेळात लोकांची लग्नं वृत्तात बसवली.
मोबदला एक नारळ, क्वचित शर्टपीस.
जळलं थोडं आत. खोटं कशाला बोलू.

"मग माझ्याकडं काय काम?"
"यात आत्या नाही," ती म्हणाली.

आत्या म्हणजे द्वारका.
नवऱ्यानं दुसऱ्याच वर्षी परत धाडलेली.
सावळजच्या शेडवर बेदाणा निवडायची,
हिरवा, पिवळा, काळा.
गंधकाच्या धुरीचा जो वास तिच्या पदराला,
तोच या पोरीच्या दप्तराला.
फी तिथूनच यायची.

दोन रात्री गेल्या. ओळ आली:
बेदाणे निवडून बोट झिजले, ती द्वारकाआत्या ये
आणि तिथंच मोडली.
अठरावं अक्षर लघू हवं. "त्या" गुरू.

आश्लेषानं ओळ यंत्राला दाखवली.
त्यानं चूक बरोब्बर पकडली
आणि अदबीनं सुचवलं: ती द्वारकामाय ये.
बसत होतं. चपखल.
मलाच सुचायला हवं होतं.

ती बराच वेळ गप्प. मग,
"तिला कुणी माय म्हटलं नाही, काका.
मीपण नाही.
आता काय वृत्तासाठी म्हणू?"

ठेवली मोडकी ओळ.

मणेराजुरी रस्त्यावरचं कार्यालय, बारा सत्तावीसचा मुहूर्त.
गुरुजी नेहमीच्या चालीत निघाले
आणि अठराव्या अक्षराला ठेचकाळले.
माझ्याकडं असं बघितलं, की बस.
खाकरून पुन्हा घेतली ओळ, बेदाण्यापासून.
त्या दुसऱ्या खेपेला
माना मागं वळल्या,
भांड्यांच्या खोलीच्या दाराकडं.

सावधान झालं. अक्षता उडाल्या.
तिच्या मुठीतल्या तशाच.

संध्याकाळी विचारलं, तर म्हणाली,
"निवडत होते. हाताची खोड.
दोन दाणे तुटके निघाले."
मग?
"मग काय.
टाकले परत त्यांच्यातच."