अंगठा

लेंगऱ्याच्या रस्त्याला डाव्या हाताला पांढरं दिसतं
ते देऊळ नाही.
लोक एसटीतून हात जोडतात, मी सांगत नाही.

सर्जेरावचा बंगला. तीन मजले, लिफ्ट,
इटलीची फरशी, जानेवारीत पाय टाकला
की गारठा दाढेपर्यंत जातो.
वर्षाचे अकरा महिने आत कोण? मीच.
म्हणजे राहत नाही. वापरतो. पगार त्याचाच आहे.

शनिवारी सगळे नळ सोडायचे, सात संडास ओढायचे,
लिफ्ट रिकामी वर, रिकामी खाली, चारदा.
झुंबराला एकशे बारा लोलक.
एक मी फोडला.
अजून कुणी मोजले नाहीत.

सर्जा अन् मी चौथीत एका बस्करावर.
मग मामानं त्याला त्रिचीला नेला, गलाईला.
मूस, कोळसा, तेजाबाचा पिवळा धूर.
पहिली सहा वर्षं सराफकट्ट्याची धूळ झाडायचा,
गटारीच्या काठाचीसुद्धा,
चाळून, जाळून गुंजभर काढायचा.
आता किती असेल?
परवा चहाच्या गाड्यावर दोनशे कोटी होते,
दुसरा कप येईस्तोवर तीनशे.

पोरीच्या लग्नाला हेलिकॉप्टर उतरलं
हायस्कुलाच्या मैदानात. मास्तरांनी सुट्टी दिली.
जेवायला जपानी काहीतरी, कच्चंच,
आचारी विमानानं आलेले.
म्हाताऱ्या बायांनी घरी जाऊन भाकरी थापल्या.
आम्हाला चांदीची वाटी मिळाली.
बायकोनं विट्यात वजन करून आणली.

रात्री दोनला फोन.
"बाज्या, येतोस का रं जरा?"
दारात उभा, मोजड्या हातात.
कुलूप जर्मनीचं, अंगठ्यावर उघडणारं.
आतल्यांना उठवावं वाटेना त्याला.
लावून दाखवला. लाल दिवा.
धोतराला पुसून लावला. लाल.
"तेजाबानं खाल्लाय," म्हणाला, "रेघच उरली नाही.
बँकेत पण हीच बोंब."
बॅटरी मारून बघितलं मी.
त्याच्या फरशीसारखाच झालेला, गुळगुळीत.

मी माझा लावला,
खुरप्यानं चिरलेला, तंबाखूनं पिवळा.
हिरवा. आवाजही झाला बारीक, पाखरागत.

"ये की आत," मला म्हणाला.
"तू चल," मी म्हणालो.

त्या दाराला उंबरा ठेवलेला नाही, सपाट आहे.
तरी दोघंही अडलो.
तेवढ्यात दिवा विझला.