शनिवारची काडी

पूर्णेत त्यांचं एकच घर होतं,
मीटरगेजच्या गार्डाचं, क्वार्टर नंबर अठ्ठावीस.
चौकटीवर उजव्या हाताला पितळी नळी, तिरकी.
मला वाटायचं, एक खिळा निसटलाय.
सरळ करायला गेले तर रहमीमकाका हसले,
"राहू दे पोरी. उभी ठोकायची की आडवी
यावर आमच्या थोरल्यांचं जमलं नाही,
म्हणून तिरकी."

शनिवारी सकाळी मी जायची.
मिलकाकाकू "स्टो पेटव" असं कधीच म्हणाल्या नाहीत.
"आज गारठाच आहे, नाही?" म्हणायच्या,
ऐन मे महिन्यात, झिराडकरांच्या तापलेल्या पत्र्याखाली.
मी पिन मारायची, पंप मारायची, काडी ओढायची.
चहा माझ्यासाठी म्हणून व्हायचा,
माझ्या एका कपासाठी पातेलंभर.
त्या दिवशी पैशाला हात नाही.
चार आणे रविवारी, काकूंकडून,
कारण रविवारी काका ड्यूटीवर.
रविवारी, पोळ्याला, दिवाळीला, ईदेला,
हिंगोलीची, अकोल्याची, कुणाला नको असेल ती गाडी.
सगळ्या शेडाचे सण त्यांनी शेवटच्या डब्यात बसून काढले
हिरवा दिवा हलवत,
एका शनिवारच्या बदल्यात.
"लई महाग पडला की वो तुमाला," माझा बाप ओरडायचा.
बॉयलरवाला, कान शेडात गेलेले.
काका मान हलवायचे. हो की नाही, कळायचं नाही.

वाल पनवेलहून पार्सलानं यायचे, बिरड्याच्या सणाला.
ते सोलता सोलता काकू सांगायच्या,
कोकणच्या खडकावर गलबत फुटलं.
कधी? "लिहून नाही. लिहिणारे बुडाले."
सात बाया, सात बाप्ये किनाऱ्याला लागले,
पोथ्या नाही लागल्या.
मग घाणे घातले, तेल गाळलं,
शनिवारी बैल सोडून ठेवले.
गावानं नाव दिलं, शनवार तेली.
बाकी सगळं विसरले. एक ओळ राहिली.
पोर झालं, ती ओळ. सुंता, ती ओळ.
लग्नाला तीच, मातीलाही तीच.
एका ओळीवर इतकी वर्षं?
"तेल्यांना वात एक पुरते गं."

मी सात वर्षांची असताना एकदा
शनिवार नव्हता, तरी दार बंद.
आत पांढरे कपडे, फटीतून दिसले.
मी हाक मारली. कुणी ओ दिली नाही.
चूल थंड, माणसं घरात, आणि मी परकी.
रात्रभर आठवत राहिले, माझं काय चुकलं.
दुसऱ्या दिवशी दार सताड,
भिकाऱ्यांच्या ओळीत मला ओढून काकूंनी हातावर करंजी ठेवली.
"काल दारफळणीचा सण होता. आज शिळा सण.
काल आम्ही आमचं काय चुकलं ते मोजत होतो,
तुझं नव्हे."

ती ओळ म्हणताना काका डोळ्यांवर हात ठेवायचे,
लपंडावात राज्य आल्यासारखे.
मी विचारलं, काय आहे तिच्यात?
म्हणाले, "पहिला शब्द आहे, ऐक."
मी थांबले. पुढचं त्यांनी सांगितलं,
देव एक आहे वगैरे. ते मला नवीन नव्हतं,
आमच्या गल्लीत तिघेजण वेगवेगळ्या भाषांत तेच सांगायचे.
पण ऐक?
पाहा नाही, वाक नाही, ये नाही.
घरी आले, बापाच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, ऐक.
तो म्हणाला, "काय?"

ब्रॉडगेज आलं, लाईन पाडली.
ते कुठे गेले, नक्की माहीत नाही.
कुणी म्हणतं लेकीकडे ठाण्याला, कुणी म्हणतं विमानानं लोदला.
पाडायच्या आदल्या दिवशी मी चौकटीवर बोट फिरवलं होतं.
दोन भोकं, एक वर, एक खाली, एका रेषेत नाहीत.

माझी सून कमी बोलते.
काल ओट्याशी उभी राहून म्हणाली,
"आज उजाडलंच नाही वाटतं."
बाहेर लख्ख ऊन होतं.
मी उठले, चहा ठेवला,
माझ्या एका कपासाठी, पातेलंभर.