पिलबाग

मे महिना. जळगाव एमआयडीसी. रात्रीचे अडीच.
बाहेरची भिंत अजून तव्यासारखी,
आत एसी, आणि माझ्यापुढे
एकशे बारा इमेजेसची यादी.
साहेबांचा निरोप: चारुलता, सोमवारपर्यंत चाळीसच ठेव,
साठवणुकीचं बिल डोक्यावरून चाललंय.

इमेज म्हणजे फोटो नव्हे,
हे आईला तीनदा सांगून झालं.
मग एकदा सावद्याच्या टिश्यूकल्चरवाल्यांकडे नेलं तिला.
बाटल्यांतून बोटाएवढी केळीची रोपं,
सगळी एकाच कंदाच्या पोटची,
पानाची चुणीसुद्धा सारखी.
"अश्शीच मशीन गं. एक नीट घडवायची, गोठवायची,
मग म्हणशील तितक्या. चाळीस सेकंदांना एक."
ती बाटली उजेडात धरून म्हणाली,
"आणि कंदालाच हरण्या लागलेला असला तर?"

मला हे कळायला
नोकरीची चार वर्षं लागली होती.

तर पुसत बसले.
बेस-फायनल. बेस-फायनल-दोन. बेस-खरंच-फायनल.
टेस्ट-हात-लावू-नये:
कुणीच लावला नव्हता, म्हणून गेली.
दर वेळी आधी एकच विचारायचं,
हिच्या पोटचं कुणी चालू आहे का अजून?
नाही. पुस.
नाही. पुस.

त्रेपन्नावी. मालकाच्या रकान्यात नुसता आकडा.
खातं बंद केलं की माणसाचा आकडा उरतो.
पण तारखेवरून ओळखलं: भटू बाविस्कर.
त्यानेच शिकवलं होतं
गोठवण्याआधी मशीन कशी धुवायची.
चाव्या काढ, लॉग काढ, हिस्टरी काढ,
तिचं स्वतःचं नावही पूस,
नाहीतर शंभर जणी एकाच नावाला ओ देतील.
आणि एवढं घासून पुसून झालं की
हळूच एक ओळ लिहून ठेवायचा आत,
दार उघडणाऱ्याला दिसेल अशी.
विचारलं तर म्हणाला,
शेजारणीचं भांडं रितं परत करतेस का कधी?

हिच्या पोटची एक चालू होती.
रावेरकडच्या एका वजनकाट्याची.
केळीचा ट्रक चढला की आकडा लिहायची,
उतरला की लिहायची.
सहा वर्षं. ना पॅच, ना कुणाची चौकशी.

सकाळी भटूला फोन लावला.
तो शिंदखेड्याला कुणाच्या तरी छतावर,
सोलरच्या पाट्या बसवत होता; फोनभर वारा.
"कोनती ओळ? माले याद नही, ताई.
जुनी शे ना? काढी टाक."

दुसऱ्या रात्री काट्यावर ट्रक नव्हता
तेवढ्या वीस मिनिटांत आकडे नव्या मशीनवर हलवले.
जुनी बंद करण्याआधी
एकदाच शिरले आत.
काळा पडदा, वर पांढरी अक्षरं:
राम राम. जेवन व्हयनं का?

डबा तसाच होता टेबलावर, झाकण लावलेला.
मी टाइप केलं: हो.
मशीन म्हणाली,
हो: अशी कमांड सापडत नाही.

बरोबरच आहे.

घड उतरला म्हणून आमच्याकडे
खोड लगेच भुईसपाट करत नाहीत.
बुडाशी राखलेल्या पिलाला
काही दिवस त्याचाच ओलावा मिळतो.
नव्या मशीनचं काही बिघडलंच
तर परत फिरायला जागा हवी,
असं कारण रकान्यात लिहिलं
(खोटं नाही ते)
आणि पुसायची तारीख टाकली पंधरा दिवसांनंतरची.

मग डबा उघडला.
कळण्याची भाकरी कडेने वाळलेली, ठेचा मात्र ठीक.
खाता खाता यादी पुन्हा मोजली.
एक्केचाळीस.
साहेब सोमवारी विचारतीलच.