निर्धाव

व्हर्लिनची षटकं मी लिहिली, सतरा वर्षं,
किंग्जटाउनच्या पत्र्याच्या खोलीत
आणि पुढे जिथे संघ नेईल तिथे.
सहा चेंडू, सहा ठिपके,
मग ठिपके रेघेने जोडायचे:
निर्धाव.

पहिल्या दौऱ्याचं विमानभाडं
तिच्या आईने आरारूट विकून भरलं.
स्कर्ट घरी शिवलेला,
झेप घेतली की गुडघे सोलायचे.
टॉन्टनला पाच बळी घेतले
त्या दिवशी प्रेक्षक एकोणीस.
मी मोजले. माझं काम नव्हतं ते.

खांदा गेला, तेव्हा
वहीत त्याला चिन्हच नव्हतं.

आता रविवारी चर्चहून येताना
मी तिच्या अंगणात टेकतो.
ती कपडे वाळत घालते, डाव्या हाताने.
उजवा छातीपर्यंत येतो, अडतो.
परवा नात म्हणाली,
"तू टीव्हीवर कशी नाहीस गं?"
चिमटा दातांत धरून व्हर्लिन हसली.
खाली पडलेलं संत्रं उचललं,
बोटं शिवण शोधत राहिली
नसलेली,
आणि खालूनच, हलकेच, टाकलं पोरीकडे.
ते पडलं, वळलं,
तिच्या ओंजळीला चुकवून गेलं.

खिशात पेन्सिल नव्हती.
मी गुडघ्यावर बोटाने
एक ठिपका दिला.