डोक्याला ताप

मेडिकलच्या तळमजल्यावर कूलरचं पाणी संपलेलं,
मे महिना, पारा सेहेचाळीसच्या वर,
आणि मी लोकांच्या मेंदूतला दाह मोजते
दंडातल्या रक्तातून.

हसू नका. असं खरंच असतं.
डोक्यात कुठे बारीक सूज धुमसत असली
तर तिचा धूर रक्तात उतरतो, म्हणतात.
कवटी उघडावी लागत नाही.
जांभळ्या झाकणाची एक नळी पुरते.

बारा मिनिटं गरगर फिरवली की
सावजीच्या तर्रीच्या अगदी उलट:
लाल खाली बसतं, पिवळं वर येतं.
ते पिवळं थेंबथेंब उचलून
मी उणे ऐंशीच्या पेटीत ठेवते.
(नागपुरातल्या एवढ्या थंड जागेची किल्ली माझ्या कमरेला आहे,
उन्हाळ्यात याचा थोडा गर्वही होतो.)

नळीवर नाव नसतं. आकडा असतो.
एकशे सतरा टांडापेठेतून आला, सायकलने,
भर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून.
फॉर्मवर आडनाव धकाते.
नवव्या प्रश्नाला,
म्हणजे मरून जावं असं वाटतं का,
गेल्या पंधरवड्यात किती दिवस,
त्याने पेन न थांबवता लिहिलं: एकही नाही.
अक्षर देखणं.

"किती घेता?"
"पाच मिली."
"घ्या ना मॅडम, किती बी घ्या.
इथं कोणाच्या कामाचं हाय ते."
आणि हसला.
मीही हसले.

मीही हसले, हे मला सक्करदऱ्याच्या सिग्नलवर आठवलं
आणि हिरवा लागून गेला,
मागचे हॉर्न वाजवत राहिले.

आमच्या देवाजीमामाला कुणी सुई टोचली नव्हती.
घरात एकच निदान होतं: डोक्याला ताप.
तो आम्हाला, आम्ही त्याला.
थर्मामीटर कुणीच लावला नाही.
गेला त्या महिन्याचं लाइटबिल भरून गेला.

सकाळी डॉक्टर पिंपळापुरेंना विचारलं, एकशे सतराचं काय आलं?
म्हणाले, पाकिटं डिसेंबरात उघडायची, तोवर मलाही माहीत नाही.
आणि आकडा म्हणजे पंचांग नव्हे बाई.
डेंग्यूने वाढतो, दाढ किडली तरी वाढतो,
कुणाचा भरमसाठ वाढतो
आणि तो पोरीच्या वरातीत नाचतो.
खरं आहे. त्यांच्याकडेच शिकले मी.

मग फोन लावला आणि खोटं बोलले.
"तुमचं रक्त नळीत फुटलं. पुन्हा यावं लागेल."
बावीस वर्षांच्या नोकरीतलं पहिलं.
"माझंच काऊन फुटते?"
"म्हणूनच या. चार वाजता. मी थांबते."

चार. पावणेपाच.
सव्वापाचला शिपाई कुलूप घेऊन दारात उभा,
मी उगाच धुतलेल्या नळ्या पुन्हा धुते आहे.
साडेपाचला जिन्यात चपला वाजल्या.

सुई काढलीच नाही.
चौकातून दोन चहा सांगितले
आणि नववा प्रश्न तोंडी विचारला,
छापील नाही, घरच्यासारखा:
"जीव नकोसा होऊन राहिला का रे बाबू?"

कूलरचा पंखा कोरडाच फिरत होता.
चहावर साय धरली.
मग खाली बघत तो म्हणाला,
"तुमाले कसं समजलं? रक्तात दिसलं काय?"

"हो," मी म्हटलं.
हे दुसरं.

वरच्या मजल्यावर, मानसोपचारच्या वॉर्डात,
रात्रपाळीची डॉक्टर पोरगी नुकतीच डबा उघडत होती.
तिने डबा बंद केला.
मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले, त्याच्या आईला फोन लावून.

डिसेंबरात पाकिटं उघडली.
एकशे सतराचा आकडा मधलाच निघाला,
ना वर, ना खाली.
पिंपळापुरे म्हणाले, अजून हजारेक नळ्या हव्यात.
मी म्हटलं, भरू.

शनिवारी तो गोळ्या न्यायला येतो.
जाताना खिडकीच्या काचेवर टकटक करतो:
"मॅडम, आज कोणाचं फुटलं?"