गणपूर्ती

ग्रामसभा अकरा वाजता.
साडेबारापर्यंत आले सतरा जन,
त्यातले दोघं घरकुलाचा हप्ता विचाराले,
एक नुसता पंखा पाहून बसला.
सचिव म्हनते, जा दशरू, रजिस्टर फिरवून आन.

बावीस वर्षं झाले, मी रजिस्टर फिरवतो.
गोठ्यात, गिरनीवर, तुरीच्या ढिगापाशी.
बाई भाकरी थापत असली
तं पिठाच्या बोटानंच सही.
कायच्यावर करतो, हे कोनी विचारत नाही.
मीही सांगत नाही.
दर जानेवारीच्या पानाले ज्वारीचा वास येते.

घरी आचल मोठ्यानं वाचते.
दारव्ह्याचं कॉलेज, एम. ए.चं दुसरं वर्ष,
पेपरचं नाव तुलनात्मक राजकारण.
मी भाकर मोडत ऐकतो.

स्वित्झर्लंडात एक डोंगरी मुलूख आहे म्हने,
लोकं चौकात उभे रायते,
हात वर करते, अन् कायदा होते.
ऑस्ट्रेलियात मत नाही टाकलं तं दंड.
मी म्हनलं, अन् टाकलं तं?
ती म्हने, बाबा, मधात बोलू नका.
बेल्जियमात दीड वर्षं सरकारच बसलं नाही,
तरी रस्त्यावरचे दिवे लागत होते.
आमच्या इथं सरपंच आहे, उपसरपंच आहे,
खांब आहे.

मंग आला एक देश, जठी पक्ष एकच.
पोट्टी थांबली.
बाबा, आपल्या गावात किती?

मी बोटं मोजले.
गिरनीवाल्यायचा एक.
पारावरच्यायचा एक.
अन् दोघायकडे जेवनारे तीसेक घरं,
त्यायचा तिसरा, तोच मोठा.
कागदावर तं पक्षच नाही.
आमच्याकडे चिन्हं असते.
तोच शालिक ढोक एकदा शिलाई मशीन होता,
मंग कपबशी झाला,
यंदा प्रेशर कुकर.
मानूस जुनाच, शिट्टी नवी.
आचल हासली, वहीत काही लिहिलं,
मंग खोडलं.

एक गोष्ट तिच्या पुस्तकात नाही.
साहेबासंग मी एकदा झरीकडच्या पोडावर गेल्तो,
बोअर कुठं मारायचा ते ठरवाले.
तठी मतं मोजत नाही.
सारे हो म्हनेपर्यंत बसते.
एक म्हातारी नाही म्हने.
कायले नाही, ते सांगे ना.
रात्र झाली, शेकोटीत लाकूड टाकलं.
दुसरी रात्र झाली, अजून टाकलं.
साहेब जीपमधी झोपले.
तिसऱ्या सकाळी ती बोलली,
तठून माह्या बकऱ्या उतरते.
बोअर दहा पावलं सरकला.
रजिस्टर नव्हतं त्यायच्याकडे.
मले माह्या हाताचं काय करावं समजे ना.

आमच्याकडे सोपं आहे.
गणपूर्ती नाही झाली तं सभा तहकूब.
अन् तहकूब सभेले गणपूर्ती लागत नाही.
हा नियम पहिल्यांदा ऐकला
तेव्हा मले वाटलं साहेब थट्टा करते.

काल रात्री पोट्टीनं रजिस्टर चाळलं.
बाबा, याच्यात तुमची सही कोन्ती?
मी दाखवली, खाली कोपऱ्यात,
दवंडी दिली, शिपाई.
ती म्हने, ही नाही. वरची.
आमी दोघं पानं उलटत बसलो.
चुलीवरचं पानी आटून गेलं.

आज सतरा जन.
रजिस्टर टेबलावर ठेवलं, नेलं नाही.
भिंतीले पाठ लावून उभा होतो,
तठूनच हात वर केला.
सचिवानं चष्म्यावरून पाहिलं.
म्हने, हो हो, आन चहा.

आनला.
सतरा कप, दोन बिनसाखरेचे.
ट्रे ठेवला, दुपट्ट्याले हात पुसला,
अन् पुन्हा वर केला.